परीक्षा चौथीला आली म्हणून तिसरी पळवू नका

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देते.

"ताई, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट असते. मी घरीच ब्लाऊज शिवते. मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यम, सेमी. मागच्या गल्लीत स्कॉलरशिपचा क्लास आहे. दिवाळीनंतर डेमोला नेली तर तिथले सर म्हणाले, परीक्षा आता पाचवीवरून चौथीला आली, म्हणजे तुमचं एक वर्ष गेलंच. खरं तर दुसरीपासून फाउंडेशनला टाकायला हवं होतं. चौथी संपेपर्यंतचे २२,००० रुपये सांगितले. पहिला हप्ता भरला. रोज संध्याकाळी दोन तास जाते. महिनाभर झाला, पाच वाजले की पोटात दुखतं म्हणते. संक्रांतीला येवल्याला माझ्या माहेरी जायचं होतं. सर म्हणाले, खाडा चालणार नाही. मग गेलो नाही. ती पतंगाची आसारी (मांज्याची फिरकी) घेऊन खिडकीत बसून राहिली. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुणी क्लास लावले होते? जाऊबाईंच्या मुलाचा गेल्या वर्षी चौकात फ्लेक्स लागला होता, त्यामुळे घरात तोच विषय सारखा निघतो. ताई, मला उशीर झाला का? तयारी नक्की कधीपासून करायची? आणि सर म्हणतात, नवोदय विद्यालयासाठी निफाडला गावच्या शाळेत नाव टाका, ग्रामीणमधून सोपं जातं. तसं करावं का? दुसरा हप्ता महिनाअखेरीला द्यायचा आहे."

उशीर झालेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

आता हा गोंधळ कुठून आला ते बघू. तुमच्या-माझ्या वेळी शिष्यवृत्ती चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. आता शासनाने ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं आहे. मधल्या मुलांवर अन्याय नको म्हणून २०२५-२६ या एका वर्षात चारही वर्गांच्या परीक्षा ठेवल्या आणि त्यानंतर फक्त चौथी-सातवी. म्हणजे तुमची लेक पुढच्या वर्षी, चौथीत बसेल, एवढं सरांचं बरोबर आहे. 'एक वर्ष गेलं' हे मात्र बरोबर नाही. परीक्षा एक वर्ष अलीकडे आली तशी प्रश्नपत्रिकाही एक इयत्ता खाली आली ना! चौथीच्या पोरीला चौथीपर्यंतचंच विचारणार. पाचवीचा अभ्यास चौथीत उरकायचा असं कुणी सांगितलेलं नाही.

यातूनच एक सावधगिरीची गोष्ट निघते, ती लगेच सांगून टाकते. गेली आठ-नऊ वर्षं बाजारात जे सराव संच आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं आली ती पाचवीची. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात अजूनही त्यांचेच गठ्ठे दिसतील. क्लासमध्ये तिला झेरॉक्स मिळत असतील तर एकदा वर कोपऱ्यात इयत्ता बघा. तिसरीतल्या मुलीपुढे पाचवीचे अपूर्णांक ठेवले आणि तिला आले नाहीत, तर पोटात दुखणारच. (पोटाचं म्हणाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मी मास्तरीण आहे. जंत, बद्धकोष्ठ, लघवीचा त्रास, काहीही असू शकतं. पण डॉक्टर 'काही नाही' म्हणाले आणि रविवारी, क्लास नसताना दुखलं नाही, तर दुखणं कुठलं आहे ते तुम्हाला कळलंच.)

परीक्षा कशी असते ते घरात एकदा सगळ्यांनी समजून घ्या. सासूबाईंनीसुद्धा. एकाच दिवशी दोन पेपर. पहिला मराठी आणि गणिताचा, दुसरा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणीचा. भाषेचे २५-२५ प्रश्न, गणिताचे ५०, बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, म्हणजे एकेक पेपर १५० गुणांचा, दोन्ही मिळून ३००. चार पर्याय दिलेले, त्यातला बरोबर असेल त्याचा गोल पेनाने रंगवायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत. आणि एका पेपरला वेळ दीड तास.

दीड तासात ७५ प्रश्न. मांडा हिशोब: एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, कच्चं काम करायचं आणि गोल रंगवायचा.

मी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत मिळून तीस वर्षांच्या वर शिकवलं. शिष्यवृत्तीत मुलं अडायची ती गणितात नव्हे, वाचण्यात. गणित यायचं, पण प्रश्न काय विचारतोय तेच कळायचं नाही. एक साधा प्रश्न सांगते. 'रांगेत सीमा पुढून आठवी आहे आणि मागून तेरावी आहे, तर रांगेत एकूण किती मुली?' वर्गातली निम्मी मुलं पटकन २१ सांगतात. पुढून मोजताना सीमा एकदा मोजली गेली, मागून मोजताना पुन्हा, म्हणून एक कमी करायचा, उत्तर २०. यात गणित कितीसं आहे? आठ आणि तेरा एकवीस हे दुसरीतल्या मुलाला येतं. पण सीमा दोनदा मोजली गेली हे दिसायला प्रश्न शांतपणे वाचावा लागतो, आणि रांग डोळ्यांपुढे उभी राहावी लागते. जे मूल अजून अक्षरं जुळवत वाचतंय, त्याचे ७२ सेकंद 'तेरावी' या शब्दापाशीच संपतात.

म्हणून 'कधीपासून' याचं माझं उत्तर महिन्यात किंवा इयत्तेत नाही. मूल न अडखळता प्रश्न वाचतं आणि पुस्तक झाकून 'यात काय विचारलंय' ते स्वतःच्या शब्दांत सांगतं, त्या दिवसापासून परीक्षेची तयारी सुरू करा. त्याआधी गाइड हातात देणं म्हणजे पाया न भरता स्लॅब टाकणं. काही मुलांचा हा दिवस तिसरीच्या दिवाळीत येतो, बऱ्याच जणांचा चौथीच्या पावसाळ्यात. आणि एकदा तो दिवस आला की शिष्यवृत्तीचा अभ्यास सात-आठ महिन्यांत होतो. मी तो होताना पाहिलाय, दरवर्षी.

उलटं केलं की काय होतं तेही पाहिलंय, आणि त्यात माझाच हात होता, म्हणून सांगायला लाज वाटते. शाळेच्या फलकावर शिष्यवृत्तीधारकांची नावं रंगवायची पद्धत होती. फलकावर आपल्या वर्गाची नावं जास्त असावीत ही हाव मलाही सुटली. चौथीला परीक्षा होती त्या काळातली गोष्ट. मी तिसरीच्या मुलांना सकाळी सातला बोलवायला लागले आणि बुद्धिमत्तेच्या युक्त्या पाठ करून घ्यायला लागले. आरशातलं घड्याळ हा त्यातला हमखास प्रश्न. घड्याळात ३ वाजून २० मिनिटं झालीत, आरशात किती दिसतील? युक्ती अशी की ११:६० मधून वेळ वजा करायची, उत्तर ८:४०. पोरं धडाधड सांगायची. एके दिवशी शिपाई आला नव्हता, मधल्या सुट्टीची घंटा द्यायची होती. व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बोट करून मी एका हुशार पोराला विचारलं, "बघ रे, किती वाजले?" तो घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आरशातलं सांगू का?"

त्याला खरं घड्याळ वाचता येत नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं, मला घाई होती. सगळे हसले, मीही हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सातचा वर्ग बंद केला आणि पोरांना पुठ्ठ्याची घड्याळं करायला बसवलं.

तर आता तुमच्या लेकीचं. आत्ता जानेवारी चालू आहे. जूनपर्यंत शिष्यवृत्ती हा शब्द घरात काढू नका. त्याऐवजी दोन गोष्टी करा, त्याला ना फी लागते ना वेगळा वेळ.

पहिली, वाचन. रोज वीस मिनिटं, तुमचं मशिन चालू असताना शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावा. पाठ्यपुस्तक नको, ते शाळेत होतं. गोष्टीचं पुस्तक, पेपरमधली मुलांची पुरवणी, किराणा बांधून आलेला कागदसुद्धा चालेल. १८४० सालापासून चाललेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या नाशकात आहे. सिडकोतून रोज जाणं होणार नाही, पण रविवार कारंजाकडे कामाला जाल तेव्हा तिला तिथे एकदा नेऊन आणा. वाचून झालं की एकच विचारा: काय झालं गोष्टीत? चूक काढायची नाही. 'ने'ला 'नी' म्हणाली तर म्हणू द्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक अनोळखी पान वाचायला देऊन घड्याळ लावा, मिनिटं भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दर महिन्याला आकडा खाली येताना दिसला की तिलाच मजा वाटेल. क्लासच्या टेस्टमधल्या गुणांपेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तोंडी हिशोब, आणि यासाठी तुमच्या घरात एक उत्तम शिक्षिका आहे, तिला तुम्ही फुकट बसवून ठेवलंय. सासूबाई. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ असायचे. त्यांना आठवतंय का विचारा. आजकालच्या पुस्तकात अपूर्णांक आला की मुलं एक रेष, वर एक आकडा, खाली एक आकडा बघून गांगरतात. पण 'पाऊण' म्हणजे एकाला पाव कमी आणि 'सव्वा' म्हणजे एकाला पाव जास्त, हे मराठी माणसाच्या जिभेवरच आहे. पवननगरच्या बाजारात भाजीला जाताना लेकीला घेऊन जा. मिरची ८० रुपये किलो, पावशेर घ्यायची, किती द्यायचे? वीस. कांदा २४ रुपये किलो, दीड किलो घ्यायचा. चोवीस आणि त्याचे निम्मे बारा, छत्तीस. छप्पन्न झाले, शंभराची नोट दिली, परत किती? चव्वेचाळीस. भाजीवाल्याच्या आधी सांगितलं तर तिला एक पेरू. पहिल्या आठवड्यात चुकेल, भाजीवाला हसेल. तिसऱ्या आठवड्यात तोच तिला विचारेल.

मराठी आकड्यांचंही पक्कं करून घ्या. सेमीच्या मुलांची एकोणसाठ की एकोणसत्तर अशी फार त्रेधा उडते. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'साठ पाच', 'सत्तर दोन' असं वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर मुलांना आधी ते सोपं वाटतं हे खरं, पण आजी 'त्र्याहत्तर' म्हणाली तर ते कळायलाच हवं. पुन्हा सासूबाईच.

त्यांचं 'आमच्या वेळी कुणी क्लास लावले' हेही खोडून काढू नका. फक्त त्यांना सांगा, त्यांच्याही आधी परीक्षा होत्याच. माझे वडील सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होते. तेवढ्यावर तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं, आणि त्या परीक्षेचा धाक दहावीपेक्षा मोठा होता म्हणतात. प्रमाणपत्र काच लावून देवघराशेजारी टांगलेलं असायचं. तेव्हा परीक्षेची भीती नवी नाही. हप्त्याने विकायची रीत तेवढी नवी.

तोंडी हिशोबासारखंच बुद्धिमत्तेचं. अंकमालिका, वर्गीकरण, दिनदर्शिका, आरशातली आकृती, रांगेतला क्रमांक, दिशा. नावं ऐकून घाबरायला होतं, पण यातलं बरंचसं घरात पडलेलं असतं. दिनदर्शिकेचं घ्या. यंदा १५ ऑगस्टला शनिवार आहे, तर २ ऑक्टोबरला कुठला वार? क्लासमध्ये सांगतील, मधले दिवस मोजा, सातने भागा, बाकी घ्या. तुम्ही तसं सांगू नका. कालनिर्णय काढून द्या आणि बोट ठेवून उड्या मारायला लावा: १५, २२, २९, मग सप्टेंबरची ५, १२, १९, २६, आणि ऑक्टोबरची ३. सगळे शनिवार. मग २ तारीख? शुक्रवार. चार वेळा बोट फिरवल्यावर एखाद्या दिवशी ती स्वतःच म्हणेल, आई, बोट कशाला, सात-सातच तर मिळवायचेत. तिने स्वतः काढलेली युक्ती ती परीक्षेच्या हॉलमध्ये विसरणार नाही. सरांनी फळ्यावर लिहून दिलेली विसरेल.

जूनमध्ये चौथी सुरू झाली की मग गाइड आणा, एकच. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, एका वेळी एकच घटक. शाळेत गणिताचा जो धडा चालू असेल त्यावरचेच प्रश्न घ्या, म्हणजे दोनदा शिकायला नको. शाळेतल्या बाई शिष्यवृत्तीचा तास घेतात का ते विचारून ठेवा. पुष्कळ शाळांत शिक्षक पदरचा वेळ देऊन घेतात, आणि आईबापांना माहीतही नसतं. अर्जही शाळेमार्फतच ऑनलाइन भरला जातो, तेव्हा मुख्याध्यापकांशी गाठ घालावीच लागेल. परीक्षेची तारीख पुण्याची राज्य परीक्षा परिषद जाहीर करेल तीच धरा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नको.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घटक संपले पाहिजेत. दिवाळीनंतर दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. परीक्षेआधीचा महिना राहिला की एकाच दिवशी दोन्ही पेपर, मधे डबा, अगदी परीक्षेसारखं. शेवटचे आठ दिवस नवीन काही नाही. एवढंच.

सराव उत्तरपत्रिकेवरच करा, वहीत नको. यावर मी अडून बसते, कारण २०१८ साली पाचवीच्या परीक्षेत माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकतिसावा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला, आणि बत्तिसाव्याचं उत्तर एकतिसाव्याच्या ओळीत रंगवलं. तिथून पुढचे गोल एकेक घर वर सरकत गेले. घरी येऊन उत्तरसूची लावली तेव्हा लक्षात आलं. सगळं येत होतं पोरीला. वहीत उत्तरं लिहायची सवय होती, वहीत प्रश्नाचा क्रमांक आपणच टाकतो. तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. खरं तर तिने माझ्यावरच चिडायला हवं होतं, वर्षभरात मी एकदाही छापील उत्तरपत्रिका हातात दिली नव्हती. तेव्हा प्रश्न सोडायचा नाही. चुकल्यावर गुण कापत नाहीत, मग सुचेल तो पर्याय रंगवायचा आणि प्रश्नपत्रिकेवर क्रमांकापुढे छोटी खूण करून पुढे जायचं.

आता फ्लेक्सचं. जाऊबाईंच्या मुलाचं कौतुक मनापासून करा. पण फ्लेक्सवर 'पात्र' लिहिलं होतं की 'शिष्यवृत्तीधारक', हे बघितलं होतं का? प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के मिळाले की मूल पात्र होतं. शिष्यवृत्ती मात्र त्या पात्र मुलांतून गुणवत्ता यादीत वर आलेल्यांनाच मिळते, संख्या ठरलेली असते. दोन्हींत फरक मोठा आहे, आणि फ्लेक्स छापणारे तो फरक बारीक अक्षरात छापतात. हे जाऊबाईंना ऐकवायला सांगत नाही हं. तुमच्या डोक्यात स्पष्ट असावं म्हणून.

पैशाचंही स्पष्ट असू द्या. चौथीची शिष्यवृत्ती वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. म्हणजे मिळाली तर १५,०००. क्लासची फी २२,०००. तुमची लेक भाजीबाजारात हे गणित सोडवेल. शिष्यवृत्तीची किंमत पैशात नसते हे मला मान्य आहे, मुलाला आपण काहीतरी मिळवलं असं वाटतं ते मोलाचं आहे. पण ते वाटायला दोन तासांचा क्लास रोज लागतो असं नाही. ब्लाऊजच्या शिलाईतून तुम्ही हप्ता काढताय, म्हणून बोलले.

नवोदयबद्दल. निफाडच्या शाळेत नाव टाकायचा सल्ला तुमच्या बाबतीत लागूच पडत नाही. आपल्या जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे, सहावीपासून, निवासी. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात हे खरं. पण त्या जागांसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण शिकलेलं असावं लागतं. तुमच्या लेकीची तिसरी सिडकोत होतेय. आता चौथीला गावी नेली तरी ग्रामीण जागेवर हक्क लागत नाही, आणि लेकीची शाळा, मैत्रिणी, सगळं सुटेल ते वेगळंच. उरलेल्या जागांसाठी शहरातली मुलं बसू शकतात, चुरस जास्त असते. ती परीक्षा पाचवीत असताना देतात, एकदाच देता येते, ८० प्रश्न, दोन तास, त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे. चौथीची तयारी नीट झाली असेल तर तीच तिथे कामाला येईल. पण त्याचा विचार पाचवीत. तेव्हा तिलाही विचारा, आईबाबांना सोडून वसतिगृहात राहशील का. दहा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारता येतो आणि ती उत्तरही देते.

एक परीक्षा मात्र अशी आहे जिच्याबद्दल तुमच्या सरांनी काही सांगितलेलं दिसत नाही, कारण तिचा क्लास काढता येत नाही. पाचवीची वार्षिक. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास एकदा पुनर्परीक्षा, आणि तिथेही राहिलं तर त्याच वर्गात बसवतात. पूर्वीसारखं आठवीपर्यंत सरसकट वर ढकलणं राहिलेलं नाही. घाबरू नका, प्रत्येक विषयात ३५ टक्केच हवेत, आणि रोज शाळेत जाणारं, वाचता येणारं मूल त्यात अडकत नाही. अडकतात ती वाचता न येणारीच. तिथेही पुन्हा तेच.

तेव्हा दुसरा हप्ता भरू नका. पहिला गेला तो गेला, मागायला जाऊन वाद घालत बसू नका. सरांना भेटून नीट सांगा, जूनमध्ये चौथी सुरू झाल्यावर बघू. सरांनी मुद्दाम फसवलं असं माझं म्हणणं नाही. बिचाऱ्यांनाही गाळ्याचं भाडं असतं, आणि परीक्षा अलीकडे आल्यावर सगळ्यांचीच धांदल उडाली आहे. मिस्टरांना सांगताना मात्र रात्रपाळीहून आल्या आल्या सांगू नका. झोप झाल्यावर, चहाबरोबर. आणि 'क्लास बंद केला' अशी सुरुवात नको. 'जूनपर्यंत आईंकडे शिकायला बसवायचं ठरवलंय' असं म्हणा. सासूबाई पलीकडच्या खोलीत असतील आणि त्यांनी ऐकलं तर आणखी उत्तम.

येत्या रविवारी जमलं तर येवल्याला जाऊन या. संक्रांत होऊन गेली, पण गच्च्यांवर दोर अजून निघालेले नसतात, आणि मामांकडे एखादा पतंग शिल्लक असेलच. लेकीला विचारा, पतंगाचे दोन कोपरे जोडणारी आडवी रेघ आणि मधली उभी रेघ, दोन्हींनी मिळून पतंगाचे किती त्रिकोण होतात. उत्तर चुकलं तरी आसारी तिच्याच हातात राहू द्या. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी एका पानाला किती मिनिटं लागली, तो आकडा मला कळवा.